काठाचा भाव, टेकडीचा जिना

त्या शहरात माणसं दोनच प्रकारची होती, काठकर आणि टेकडीकर. बाकीचे लोक नुसतेच राहत होते.

नदीला लागून जुन्या घरांची जी ओळ होती तो काठ. पूल ओलांडून चढण चढलं की जुन्या घरांची दुसरी ओळ लागे, ती टेकडी. दोन्हीकडची घरं दीडशे वर्षांची, अरुंद, तीनमजली, भिंतीला भिंत लावून उभी. एखाद्या तिऱ्हाइताच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आणून सोडलं असतं, तर आपण कुठल्या ओळीत उभे आहोत हे त्याला सांगता आलं नसतं. पण तिऱ्हाइताला विचारतंय कोण? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय माणसांना लागू आहे तसा विटा-लाकडांनाही आहे. टेकडीकर म्हणत, काठाला ओल आहे. काठकर म्हणत, टेकडीला वारा आहे, आणि तो तिथल्या लोकांच्या डोक्यात गेलेला आहे.

पूर्वी हे भांडण तोंडी होतं. मग जुन्या घरांना भाव आला आणि भांडणाला आकडा मिळाला. टेकडीवर एखादं घर चाळीस लाखांना गेलं की काठावरचं पुढचं घर एकेचाळीसला जायलाच हवं. ते गेलं की टेकडीला रात्री झोप नाही. असं करता करता दोन्ही ओळींनी एकमेकींच्या खांद्यावर चढत भाव कुठल्या कुठे नेऊन ठेवला होता. गेल्या महिन्यात टेकडीवरचं कोपऱ्यातलं घर अठ्ठेचाळीसला विकलं गेलं, आणि काठाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आणि नेमकं आता काठावरचं जे घर विकायला निघालं, त्यात बाइंडर राहत होता.

बाइंडर म्हणजे पुस्तकं बांधणारा. तळमजल्यावर त्याचं दुकान, वरच्या दोन मजल्यांवर संसार. शाळांची हजेरीपत्रकं, वकिलांच्या फायली, कुणाच्या आजोबांची पानं सुटलेली डायरी, सगळं त्याच्याकडे येई. हल्ली सगळे डिंक लावून मोकळे होतात, हा अजून सुईदोऱ्याने जुजबंदी करून एकेक जुडी शिवत बसे. एकतीस वर्षांपूर्वी तो टेकडीवरून खाली आला, कारण त्याची बायको काठाची. तेव्हापासून अख्खा काठ त्याला जावईबापू म्हणत होता. बोलण्यात मान होता आणि मानाच्या आत एक छोटीशी टाचणीही होती. एकतीस वर्षं भाडं वेळेवर भरून, सगळ्यांच्या घरची पुस्तकं शिवून, शेजाऱ्याच्या मांजरीला औषध पाजूनसुद्धा माणूस जावईच राहतो, हे काठावरच शक्य होतं.

घराची मालकीणबाई ऐंशीच्या पुढची, पूर्वी मुख्याध्यापिका होती. आता लेकीकडे राहायला गेली होती. तिने स्वतः येऊन सांगितलं होतं, "घर विकायचं तर तुम्हालाच. माझ्या मनावर असतं तर मी फुकट दिलं असतं. पण कायदा माझ्या मनाला विचारत नाही."

कायदा असा होता की, जुन्या ओळीतलं घर मूल्यमापन कार्यालय ठरवील त्या आकड्याच्या खाली विकता येत नाही. राहत्या भाडेकरूचा हक्क पहिला, पण त्याने तोच आकडा महिन्याभरात भरायचा. नाही जमलं तर घर दुसऱ्याला. दुसरा तयारच होता. पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने खोल्या देणारी एक कंपनी दोनदा येऊन खिडक्या मोजून गेली होती.

बाइंडरकडे सगळं मिळून एकेचाळीस लाख होते. एकतीस वर्षांची शिल्लक, बायकोच्या शिकवण्या, बँक देईल तेवढं कर्ज, सगळं त्यात आलं. त्याच्यावर एक पैसा नाही. दोघांनी तीनदा बेरीज केली होती. चौथ्यांदा करायला घेतली तेव्हा बायकोने पेन काढून घेतलं.

"बेरीज वाढत नसते," ती म्हणाली. "भाव कमी होतो का ते बघू."

भाव ठरायची पद्धतही त्या शहरासारखीच होती. कार्यालयातल्या बाई घरी येत, घर बघत, आणि आकड्यावर सही करण्याआधी त्याच घरात खुली बैठक घेत. दोन्ही ओळींतल्या कुणीही यावं आणि घराविषयी जे माहीत असेल ते बोलावं. नियम करणाऱ्याच्या मनात काहीतरी चांगलं असणार. प्रत्यक्षात मात्र ज्यांचं घर ते स्तुती करायला येत आणि पुलापलीकडचे निंदा करायला. तिथे इतर वेळी न बोलणारी माणसंही वक्ते होत.

बाइंडरची भिस्त याच निंदेवर होती. आठ दिवस आधी तो पूल ओलांडून थोरल्या भावाकडे गेला. दादा टेकडीवर घड्याळं दुरुस्त करी, आणि टेकडीच्या वतीने काठाला नावं ठेवायचं काम त्याच्याकडे वडिलोपार्जित असल्यासारखं होतं.

"एकेचाळीस," बाइंडर म्हणाला. "त्याच्या वर गेलं तर संपलं, दादा. पुठ्ठे कापायचं एवढं जड मशीन घेऊन या वयात कुठे जाऊ?"

दादाने डोळ्यावरचं भिंग काढलं. "मी येतो ना. असं धुऊन काढतो तुझं घर, की मालकीणबाई तुला वर पैसे देईल."

"मनापासून बोलशील ना?"

"काठाबद्दल मी कधी वरवर बोललोय का?" दादा जरा दुखावूनच म्हणाला.

बायकोची भेट मात्र अशी फळाला आली नाही. तिची थोरली बहीण काठावरच बेकरी चालवायची. सगळा काठ तिला ताई म्हणायचा आणि तिच्या शब्दाबाहेर नसायचा. ताईने बहिणीचं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, तिच्या पिशवीत गरम पाव कोंबला आणि म्हणाली, "घर तुझं आहे गं, पण भाव सगळ्या काठाचा आहे. तुझा आकडा खाली गेला की पलीकडचे पुलावर उभे राहून हसतील. मला स्तुती करावीच लागेल. तू मनाला लावून घेऊ नकोस."

म्हणजे एका पारड्यात दादा, दुसऱ्यात ताई. आणि मध्ये एक गोष्ट होती, ती फक्त नवरा-बायकोला माहीत होती.

या घराचा जिना काठाचा नव्हता. अकरा वर्षांपूर्वी खालून तिसरी पायरी पिचली म्हणून बाइंडरने ती स्वतःच उचकटली होती. पायरीच्या पोटाशी लाकडात डागलेली खूण दिसली, वर्तुळात आडवी पट्टी. ती बघून तो मटकन खालीच बसला. हीच खूण दादाच्या घरातल्या कपाटावर होती. त्यांच्या पणजोबांची. पणजोबा म्हणजे टेकडीचे सुतारबाबा, टेकडीचा अभिमान, टेकडीवरच्या निम्म्या दारांवर त्यांचा हात फिरलेला. त्यांचा जिना काठावरच्या घरात कसा आला, देव जाणे. पण हे बाहेर फुटलं असतं तर "जावयाने येताना जिनाही आणला" म्हणून काठाने पुढची तीस वर्षं त्याचं जगणं नकोसं केलं असतं. त्याने खुणेवर खळीने कागद चिकटवला, वर तपकिरी रंग मारला आणि पायरी ठोकून टाकली. आता तर ते झाकून ठेवणं जास्तच गरजेचं होतं. पणजोबांचं नाव निघालं की दादाच्या तोंडातून निंदा निघणं शक्य नव्हतं.

"झाकली मूठ," बायको बैठकीच्या सकाळी म्हणाली. "जिन्यावर पायपुसणं टाकू का?"

"नको. मुद्दाम टाकलंय असं दिसेल."

"मग तू त्या पायरीकडे बघू नकोस. सकाळपासून चौदा वेळा बघितलंस."

दहा वाजता दुकान माणसांनी भरलं. काठकर डावीकडे पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांवर, टेकडीकर उजवीकडे बाकांवर. कुणी सांगितलं नव्हतं, पण मधे रस्ता सोडला होता. मालकीणबाई एकुलत्या एका खुर्चीत, हातात काठी. कार्यालयातल्या बाई वेळेवर आल्या. बुटकी, चष्म्याची, कमालीची शांत बाई. तिच्याजवळ एक पितळी हातोडी होती, पेन्सिलीएवढी. डॉक्टर छातीवर बोटं वाजवतात तशी ती भिंतीवर हातोडी वाजवी, कान लावी आणि वहीत काहीतरी लिही. तिने तिन्ही मजले वाजवून झाल्यावर बैठक सुरू झाली.

ताई पहिली उठली. ती बोलायला लागली आणि बाइंडरला आपण एवढ्या भारी घरात राहतो हे पहिल्यांदाच कळलं. भिंती अशा की उन्हाळ्यात पंखा नको. खिडक्या अशा की सूर्य आधी इथे येतो, मग गावात जातो. "आणि तो जिना बघा. शेवटची पायरी उंच आहे की नाही? काठावरची माणसं ढांग टाकून चालायची. त्यांचा रुबाबच तसा. टेकडीवरचे बिचारे चढून चढून दमलेले, त्यांना पायऱ्या बुटक्याच लागतात."

काठकरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी लिहिलं. बायकोने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने छताकडे.

मग दादा उठला. त्याने कोट झटकला आणि काय सुटला! या घराची दारं घोड्यासारखी ओरडतात. खिडकीतून सूर्य येतो हे खरं, कारण ती बंदच होत नाही. भिंती गार असतात, कारण त्या आतून ओल्या असतात. "हे घर उभं आहे ते शेजारच्या दोन घरांमुळे. मधलं प्यायलेलं आणि दोन्हीकडून मित्रांनी धरलेलं, तसं." टेकडीकर हसून लोळले. काठावरचाही एकजण हसला, ताईने त्याच्याकडे बघितल्यावर थांबला. बाई लिहीतच होत्या. बाइंडरने त्यांच्या वहीत चोरून बघितलं. अठ्ठेचाळीस खोडून शेहेचाळीस, शेहेचाळीस खोडून चव्वेचाळीस. अजून तीन, तो मनात म्हणाला. दादा, अजून फक्त तीन.

"आणि जिना!" दादा म्हणाला. "या जिन्याला जिना म्हणायचं? आमच्या पणजोबांनी असलं लाकूड चुलीत घातलं असतं."

बाइंडरने डोळे मिटले.

"जिना मी बघितलाच नाही नीट," कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, आणि उठल्या.

त्या खालून वाजवत निघाल्या. टक, टक. तिसऱ्या पायरीवर हातोडीचा आवाज बदलला. त्यांनी पुन्हा वाजवली. वाकून पायरीच्या पोटाशी नख घातलं. अकरा वर्षांची खळ ती, बाइंडरने स्वतः शिजवलेली, पण ती पुस्तकासाठी होती. कागद एका सालीत निघून आला.

"इथे खूण आहे," बाई म्हणाल्या. "वर्तुळ, आणि मधे आडवी पट्टी."

मग बाकांवरून एक म्हातारा टेकडीकर ओरडला, "अरे, ही तर सुतारबाबांची! माझ्या दारावर आहे!"

यानंतरची पाच मिनिटं त्या शहराच्या इतिहासात दुसऱ्यांदा होणं नाही. टेकडीकर बाकांवरून उठून जिन्यावर तुटून पडले. कुणी कठडा चाचपतोय, कुणी पायरीचा वास घेतोय. पाच मिनिटांपूर्वी ज्याला जिना म्हणायचीही लाज वाटत होती, तोच आता कलेचा नमुना झाला. "काय लाकूड आहे! काय जोड आहे! नुसता हा जिनाच दहा लाखांचा!" त्यांनी भाव वर न्यायला सुरुवात केली. आणि ताई? ताईला पहिल्यांदा आनंद झाला, कारण भाव वाढत होता. मग तिला कळलं की तो कशामुळे वाढतोय. तिचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला.

"काठाच्या घरात टेकडीचं लाकूड?" ती म्हणाली. "वजा करा! बाई, जिना वजा करा! चढायला जमतं का कुणाला इथे? शेवटच्या पायरीला निम्मा काठ ठेचकाळलाय!"

"मघाशी तो रुबाब होता ना?" मालकीणबाईंनी काठीवर हनुवटी टेकून विचारलं. त्यांना फार वर्षांनी इतकी मजा येत होती.

आता काठकर घर खाली ओढत होते आणि टेकडीकर वर. बाइंडरला हसावं की रडावं कळेना. पण वही सगळ्यांचं ऐकत नव्हती, वही नियमाने चालत होती. बाईंनी हात वर केला.

"घरात नामवंत कारागिराचं काम असेल आणि त्याचा वंशज तसं सांगत असेल, तर मला ते वारसावस्तू म्हणून धरावं लागतं. दहा लाख वाढतात." त्यांनी दादाकडे बघितलं. "तुम्ही त्यांचे पणतू. लिहू का? 'उत्कृष्ट काम, पणतूच्या साक्षीने'?"

चव्वेचाळीस आणि दहा. बाइंडरच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने त्याचा हात धरला तो इतका घट्ट की अंगठी रुतली. त्याला दादाचा राग आला नाही. दादाचा चेहराच तसा झाला होता. आयुष्यभर ज्या माणसाचं नाव घेऊन तो ताठ मानेने चालला, त्याचा हात त्याच्यासमोर होता. तो जिन्यापाशी गेला. खुणेवर बोट फिरवलं. मग का कोण जाणे, पायऱ्या मोजत वर गेला. घड्याळवाला माणूस, मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. वर पोचला, थांबला, आणि परत मोजत खाली आला.

"पंधरा," तो म्हणाला.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

दादाने बाइंडरकडे बघितलं. मग बाकांवरच्या आपल्या लोकांकडे. ते सगळे त्याच्या एका 'हो'ची वाट बघत टाळ्यांसाठी हात उघडून बसले होते.

"लिहा," दादा म्हणाला. "जिना सुतारबाबांचाच. शंका नाही. पण उत्कृष्ट लिहू नका. चुकलेला लिहा."

"दादा!" म्हातारा टेकडीकर कळवळला.

"बोलू द्या मला. आमच्या घरात ही गोष्ट थोरला मुलगा थोरल्या मुलाला सांगतो. बाकी कुणाला नाही. याला सुद्धा माहीत नाही." त्याने धाकट्याकडे बोट केलं. "पणजोबांना टेकडीवरच्या एका घराचा जिना करायचा होता. सोळा पायऱ्यांचा. जिना घडवत होते त्याच दिवशी बाजूच्या खोलीत पणजी अडली होती. सुईण आत, हे बाहेर. लक्ष कानात. मोजत होते, तेरा, चौदा, पंधरा, आणि आत मूल रडलं. आमचे आजोबा. पणजोबांनी पेन्सिल टाकली आणि आत धावले. परत आले तेव्हा त्यांना वाटलं, मोजून झालंय. पंधरा पायऱ्यांचा जिना घेऊन गेले. त्या घरमालकाने सगळ्या टेकडीसमोर त्यांना परत पाठवलं. मग त्यांनी तो जळणाच्या भावात होडीवाल्याला विकून टाकला. कुठे गेला कुणालाच माहीत नव्हतं." त्याने कठड्यावर हात ठेवला. "इथे आला. शेवटची पायरी नाहीच आहे, म्हणून ती उंच लागते. त्यात रुबाब वगैरे काही नाही, ताई. आमच्या घराची चूक आहे."

बोलताना त्याचा आवाज दोनदा चिरकला. साठ वर्षांचा माणूस, सगळ्या काठासमोर, ज्यांना हसायला निमित्तच हवं होतं त्यांच्यासमोर हे बोलत होता. बाइंडरला आठवेना, दादा याआधी कधी कुठल्या गोष्टीला चूक म्हणाला होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

बाईंनी हळूच विचारलं, "हे मी असंच लिहू?"

"असंच लिहा. दुसऱ्या घरासाठी केलेला, मापात चुकलेला, मूळ घराचा नसलेला. आता किती वजा होतात बघा."

कुणीही हसलं नाही. काठकर एकमेकांकडे बघत होते. आणि मग पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा सरकल्याचा आवाज झाला. ताई उठली होती.

"हे बघा," ती म्हणाली. ताठा तसाच होता. "टेकडीवरचा माणूस आमच्या दारात येऊन आमच्यापेक्षा जास्त खरं बोलून जाणार? हे मी खपवून घेणार नाही. बाई, लिहा. काठाला ओल आहे."

"ताई!" आता काठकर ओरडले.

"गप्प बसा रे. आहे म्हणजे आहे. पाणी वाढलं की या ओळीत प्रत्येक तळघरात दुसऱ्या पायरीपर्यंत येतं. तुम्ही येणार कळलं की आम्ही आदल्या दिवशी चुना मारतो. मीच मारते. सगळ्यांना ब्रशही मीच देते. या भिंतीवर परवा मारलाय, हात लावून बघा, अजून पांढरा लागेल."

बाईंनी भिंतीला बोट लावलं. बोट पांढरं झालं.

एवढं झाल्यावर टेकडी मागे कशी राहणार? ज्यांचं सगळं आयुष्य पुढे राहण्यात गेलं ते खरं बोलण्यात हार खातील? म्हातारा टेकडीकर तावातावाने उभा राहिला आणि म्हणाला, ओलीचं काय कौतुक सांगता, आमच्या ओळीतल्या चार घरांचे पाये उताराकडे सरकलेत, माझ्या घरात गोटी जमिनीवर ठेवली तर आपोआप स्वयंपाकघरात जाते. काठावरचा एक शिंपी म्हणाला, गोटीचं काय घेऊन बसलात, माझं कौल मी गेली नऊ वर्षं पत्र्याने झाकलंय. टेकडीवरून उत्तर आलं, निदान तुम्हाला कौल आहे! हां हां म्हणता दोन्ही बाजूंनी वाळवी, तडे, गळके नळ, उंदीर यांच्या याद्या सुरू झाल्या. प्रत्येकजण दुसऱ्यापेक्षा आपलं घर कसं जास्त मोडकळीला आलंय हे छातीठोकपणे सांगत होता. ईर्ष्या तीच होती, फक्त उलटी नेसली होती. कार्यालयातल्या शांत बाईंची पेन्सिल दोनदा तुटली.

"थांबा, थांबा," शेवटी त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या ओठांवर हसू दिसलं. "सतरा वर्षं मी या दोन ओळींत हातोडी वाजवतेय. भिंत एक सांगायची आणि माणसं दुसरंच. आज पहिल्यांदा दोघांचं जुळलं." त्यांनी बेरीज-वजाबाकी केली, पुन्हा तपासली, मालकीणबाईंकडे वही फिरवली. मालकीणबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि मान हलवली.

"चाळीस लाख," बाई म्हणाल्या. "हाच या घराचा भाव. बाकीची ती तुमची चुरस होती."

त्यांनी सही केली.

बाइंडरने बायकोकडे बघितलं. ती ओठ हलवत होती. एकेचाळीस वजा चाळीस, एवढी वजाबाकी तिच्या शिकवणीतलं दुसरीचं मूल करील, पण तिला ती होईना. मग झाली, आणि तिने सगळ्यांसमोर नवऱ्याला मिठी मारली. काठ आणि टेकडी दोन्हीकडून टाळ्या वाजल्या. कुणाच्या जास्त जोरात यावरही थोडी चढाओढ झालीच. मालकीणबाईंनी काठी जमिनीवर आपटून वर्गाला शाबासकी दिली.

मग ताईने बेकरीतून दोन टोपल्या मागवल्या, चहा आला, गोंधळ वाढला. या आकड्याने उद्या आपल्याही घराचा भाव उतरणार, हे एकेकाच्या लक्षात येऊ लागलं होतं. पण घरपट्टीही त्याच आकड्यावर बसते हे शिंप्याने सांगितल्यावर लोकांनी पाव दुसऱ्यांदा घेतला.

दादा दिसेना. बाइंडर शोधत जिन्याकडे आला. दादा वरून दुसऱ्या पायरीवर एकटाच बसला होता, कोटाची बटणं लावत, काढत. बाइंडर चढून त्याच्या शेजारी बसला. जिना अरुंद होता, खांदे चिकटले.

"टेकडीवर तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी," दादा म्हणाला. "बाबा असते तर काय म्हणाले असते? मरताना हात धरून सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस."

बाइंडरला काहीतरी मोठं बोलायचं होतं. पण त्याला एक पुस्तकच काय ते कळत होतं.

"माझी एखादी शिवण चुकते ना," तो म्हणाला, "तेव्हा मी उसवतो. कितीही उशीर झाला तरी. मला सहनच होत नाही. पणजोबांना तो जिना मोडून टाकता आला असता. जाळता आला असता. त्यांनी मोडला नाही. त्यांना तो बघून राग येत नसणार रे. मूल रडल्याचं आठवत असणार."

दादाने कोटाचं बटण पुन्हा काढलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. बाइंडर घाबरला, पण दादा हसत होता. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पंधरा!" तो म्हणाला. "एवढा मोठा माणूस, आणि पंधरा!" बाइंडरही हसू लागला. एकाचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू होई.

खालून ताई ओरडली, "काय चाललंय वर? काठाला हसत असाल तर मोठ्याने हसा, आम्हालाही कळू दे!"

"तुम्हाला नाही, ताई," दादा कसाबसा म्हणाला. "आम्ही आम्हालाच हसतोय. या वर, जागा करतो."

आणि तो भिंतीकडे सरकला.